गौतमी की जान्हवी?

भाचीच्या बारशाला कानात 'कुर्र' करण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझा. यादीत आता दोनच नावं उरलीत. दोन्ही नद्यांची, दोन्ही ऋषींवरून आलेली: गौतम ऋषींची गोदावरी ती गौतमी, जह्नू ऋषींची गंगा ती जान्हवी.

कानाला जान्हवी जास्त गोड. शेवटचा 'वी' हवा तेवढा लांबवून हाक मारता येते. पण लिहिताना घोळ. कुणी जान्हवी लिहितं, कुणी जाह्नवी, इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. आणि चार दिवसांत तिची 'जानू' होणार, ते मला सोसायचं नाही.

गौतमी भारदस्त आहे, पाळण्यातल्या बाळाला थोडं मोठंच. पण नाशिकच्या मुलीला ते शोभतं. गोदावरी इथलीच, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली. शिवाय पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा ब्राह्मी शिलालेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. ते लेणं तिने भिक्षूंना दान दिलं आणि लेखात मुलाचे पराक्रम कोरून घेतले. एवढा मोठा राजा आईच्या नावाने ओळखला जातो, हे मला कुठल्याही गोड उच्चारापेक्षा जास्त भावतं. शिवाय पायऱ्या चढण्याएवढी झाली की तिला तिथे नेऊन सांगता येईल, बघ, तुझं नाव इथे दगडात आहे.

वहिनीचा कल अजून जान्हवीकडे आहे. दादा नेहमीप्रमाणे 'तुम्ही ठरवा' म्हणून मोकळा. माझं मत गौतमीला.