एप्सन व्ही६०० स्कॅनर : घरात १२० फिल्मच्या जुन्या निगेटिव्ह असतील तरच घ्या

आधीच सांगते, तुमच्याकडे नुसते अल्बममधले फोटो असतील तर हे धूड घेऊ नका. मुंबईतल्या घरात ठेवणार कुठे? प्रिंटना साधा सपाट काचेचा फ्लॅटबेड स्कॅनर ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) मस्त चालतो. आमचा मामला वेगळा होता, आजोबांच्या बॉक्स कॅमेऱ्याचे आणि नंतर बाबांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीचे सगळे १२० चे रोल, म्हणजे निगेटिव्ह चांगली सहा सेंटिमीटर रुंद, आणि ऑनलाइन निगेटिव्ह स्कॅन करायचे ते स्वस्तातले स्क्रीनवाले डबे मिळतात ना, त्यातले बहुतेक फक्त ३५ एमएमची अरुंद फिल्म घेतात. तसला एक मावसभावाकडून आणून बघितला, गणपतीच्या फोटोत आरतीचं तबक म्हणजे नुसता पांढरा डाग. दुसऱ्या दिवशी परत.

व्ही६०० च्या झाकणातच लाइट आहे, आतली पांढरी मॅट सरकवून काढायची आणि मग फिल्म लावायची. ३५ एमएमच्या दोन पट्ट्या म्हणजे १२ फ्रेम एका वेळी बसतात, किंवा ४ स्लाइड, १२० चा होल्डर, म्हणजे फिल्म धरायची चौकट, वेगळा. ६४०० डीपीआय वगैरेच्या नादी लागू नका, फाइल फुगते आणि डिटेल काही तेवढं वाढत नाही. मी २४०० ठेवलं, सहा बाय सहा सेंटिमीटरची फ्रेम साधारण ५३०० बाय ५३०० पिक्सेलची होते, फ्रेम करून भिंतीवर लावायला भरपूर झालं. मूळ फाइल टिफमध्येच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी जेपेग वेगळी काढा.

आता पैसे वसूल कुठे झाले ते सांगते. आजी-आजोबांचा दादर टीटीचा (ट्राम टर्मिनसचा) एक फोटो, प्रिंट कधीच हरवलेली, आत्या कायम म्हणायची ६५ सालचा आहे. स्कॅन मोठा करून बघितला तर आजोबांच्या खांद्यामागे अर्धी ट्राम! आणि मुंबईतली ट्राम बंद झाली ३१ मार्च १९६४ ला. आत्याला फोन केला तर म्हणे, "मग तो फोटो दुसरा असेल." बरं बाई.

डिजिटल आइस हे याचं मोठं फीचर, इन्फ्रारेडने धूळ-ओरखडे ओळखून पुसून टाकतं, कलर निगेटिव्हवर एक नंबर. पण ब्लॅक अँड व्हाइटला बंदच ठेवायचं, त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडही अडवते त्यामुळे मशीनला चेहरा कुठला आणि कचरा कुठला तेच कळत नाही. म्हणजे आमच्यासारख्यांना रबरी ब्लोअर, कडेने धरायची सवय आणि पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद करून बसा मग कळेल. माळ्यावर पावसाळे काढलेल्या निगेटिव्हवर बुरशीची जाळी दिसली तर पाण्याने पुसायला अजिबात जाऊ नका, खालचा थर मऊ झालेला असतो, फोटोच निघून येईल. आहे तसंच स्कॅन करा, डाग नंतर कॉम्प्युटरवर काढता येतात.

वेग यथातथाच, एका रविवारी सगळं उरकेल असं समजू नका. मुंबईतल्या बोरा बाजारात किंवा ऑनलाइन सेकंडहँड बघत असाल तर दोन्ही होल्डर आणि ती पांढरी मॅट बरोबर आहे ना ते आधी विचारा, आणि झाकणाचा लाइट समोर लावून दाखवायला सांगा. होल्डर नसेल तर कितीही स्वस्त असू दे, सोडून द्या.