डेकमध्ये पीव्हीसी फोम: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गोव्यातल्या शापोरा नदीवर चालणाऱ्या आमच्या २२ फुटी फायबर होडीचा डेक मागच्या पावसाळ्यानंतर पायाखाली दबू लागला. उघडून पाहिला, तेव्हा फायबरच्या दोन थरांमधले प्लायवूड काळे पडून बोटांनी चुरत होते. दोर बांधायच्या खुंट्याच्या स्क्रूंतून पाणी शिरले होते.

मेस्त्री पुन्हा प्लायवूडच घाला म्हणत होते. बाल्सा दाब उत्तम सोसतो, हे मला मान्य आहे. पण तोही लाकूडच, आणि एका भोकातून ओल गेली तर कुजणारच. स्वस्त पीयू (पॉलियुरेथेन) फोम सततच्या हादऱ्यांनी आतून भुसभुशीत होतो. थर्मोकोल तर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो. म्हणून मी घनमीटरला ८० किलो घनतेचा, २० मिमी जाडीचा पीव्हीसी फोम घेतला. सहा चौरस मीटरच्या डेकला तेवढ्याच जाडीचे प्लायवूड सुमारे ७० किलो भरते, तर हा फोम रेझिन सोडून १० किलोंच्या आत बसला. किंमत मात्र कितीतरी जास्त पडली.

ट्रान्सम, म्हणजे इंजिन बसते ती मागची भिंत, आणि तळ मी फोम न घालता भरीवच ठेवले. इंजिनाचे बोल्ट आवळले की हा फोम चेपतो, आणि ओहोटीला आमचा तळ कालवांच्या खडकांवर घासतो, तिथे फोमवरचा पातळ थर टिकणार नाही. डेकवर प्रत्येक बोल्टसाठी भोक मोठे पाडून, कडेचा फोम खरवडून, तिथे सिलिका मिसळलेले इपॉक्सी भरले आणि ते सुकल्यावर त्यातूनच बोल्टचे भोक पाडले. हे काम कंटाळवाणे आहे, पण डेकचे आयुष्य माझ्या मते यावरच ठरते.

जूनमध्ये होडी वर ओढल्यावर पाच रुपयांच्या नाण्याने सगळा डेक ठोकून पाहिला. सगळीकडे खणखणीत आवाज आला. फक्त हॅचच्या (डेकमधल्या झाकणाच्या) एका कोपऱ्यात तो बद्द आला. तिथे एका स्क्रूला इपॉक्सी भरायचे कामगाराकडून राहून गेले होते. उघडल्यावर वीतभर भागात वरचा थर सुटलेला आणि आत ओल दिसली, पण फोम जसाच्या तसा होता. पंधरा दिवस वाळवून थर पुन्हा चढवता आला. दुसरी खोट उन्हाची होती. साधा पीव्हीसी फोम ७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि मे महिन्यात गडद निळ्या पट्ट्याखाली किंचित फुगवटा आला. तो पट्टा आता पांढरा केला आहे.

दुरुस्त केलेल्या कोपऱ्याभोवती पेन्सिलची रेघ ओढून ठेवली आहे. दिवाळीत तिथे पुन्हा नाणे वाजवून पाहणार आहे.