15 एचपीचं जुनं आउटबोर्ड (होडीच्या मागे टांगायचं इंजिन), आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात मालवणजवळच्या देवबागात ओळखीतल्या एकांकडून हे इंजिन घेतलं. टू स्ट्रोक, जपानी, दोन सिलेंडर, लांब शाफ्ट, दोरी खेचून सुरू करायचं, वय वीसच्या पुढे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढून झाकलीय आणि इंजिन पडवीत लाकडी घोडीवर टांगलंय, म्हणून आता निवांत लिहायला बसलो. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण जे काही बिघडलं ते मिठाने आणि आधीच्या हयगयीने, कंपनीचा त्यात काही दोष नाही.

होडी 18 फुटी फायबरची. कर्ली खाडीत शेवटे, काळुंदर, कधी कुर्ल्या, आणि समुद्र निवळ असला तर मुखाच्या थोडं बाहेर. आठ महिन्यांत साधारण दोनशे तास चाललं असेल.

घेताना आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींना, सगळे त्यांना आबाच म्हणतात, सोबत नेलं होतं. मी दोरी खेचून बघायला निघालो तर ते म्हणाले, "खेचतलंस मगे, आधी गिअर ऑईल बघ." खालचा स्क्रू सैल केला तर दुधाळ चहासारखं ऑईल आलं, म्हणजे पाणी आत गेलेलं. कॉम्प्रेशन (सिलेंडरातला दाब) मात्र चांगलं निघालं, वरच्यात 110, खालच्यात 105 पीएसआय. दोन सिलेंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असला तर सोडून द्यायचं हा आबांचा हिशोब, आणि मला तो पटतो, कारण सील, पंप, कार्बोरेटर सगळं बदलता येतं पण घासलेला सिलेंडर म्हणजे मोठा खर्च. तर ते दुधाळ ऑईल दाखवून किंमत थोडी खाली आणली आणि घेतलं.

पंखा काढल्यावर कारण सापडलं. शाफ्टवर तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला, इतका घट्ट की वितळून कडं झालेलं, आणि त्याने सीलची कड कापलेली. आपल्याकडे खाडीत तुटलेली जाळी, गळाचा तंगूस किती असतो माहितीच आहे. सील बदलली, 90 नंबरचं गिअर ऑईल खालच्या भोकातून वर येईपर्यंत भरलं (वरून ओतलं तर हवा अडकते), आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा पंखा काढून शाफ्ट बघतो, ग्रीस लावतो. दहा मिनिटांचं काम आहे. आठ महिन्यांत दोनदा तंगूस निघाला, सील शाबूत.

आता खरी गोष्ट पाण्याच्या पंपाची. नोव्हेंबरात सुकतीला (ओहोटीला) मुखाजवळ होतो, मागे बघितलं तर पाण्याची धार बारीक झालेली, मग नुसते थेंब. लगेच बंद केलं आणि वल्ही मारत आलो. ती धार म्हणजे इंजिनात पाणी फिरतंय याची एकच खूण, ती गेली की दोन-चार मिनिटांत पिस्टन चिकटू शकतो, त्यामुळे माझी नजर आता जाळ्यापेक्षा जास्त त्या धारेवर असते. लोअर युनिट (इंजिनाचा खालचा पाय, त्यातच पंप असतो) उतरवायला गेलो तर बोल्ट हलेनात. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पाय, मध्ये खारं पाणी, की पांढरी पूड धरते आणि दोन्ही एकजीव होतात. दोन दिवस गंज सोडवायचं ऑईल मारून ठेवलं, गॅसच्या ज्योतीने गरम केलं, तरी एक तुटलाच, मग ड्रिल करून नवीन आटे पाडून घ्यावे लागले. सगळ्यात जास्त वेळ आणि मजुरी त्या एका बोल्टात गेली.

इम्पेलरची, म्हणजे पंपात पाणी ढकलणाऱ्या रबरी चाकाची, दोन पाती तुटलेली होती. इथे एक महत्त्वाचं, तुटलेले तुकडे शोधून काढा, ते वर पाण्याच्या वाटेत जाऊन बसतात आणि नवीन इम्पेलर टाकूनही धार येत नाही. आम्हाला एक तुकडा पंपाच्या डब्यात मिळाला, दुसरा वरच्या नळीत, तार घालून काढला. नवीन इम्पेलर मी आधी एका दुकानातून स्वस्तातला आणला, त्याची पाती दीड महिन्यात वाकून तशीच कडक झाली. मग ओरिजिनल किट मागवलं, किंमत जवळजवळ तिप्पट, पण जानेवारीपासून आजपर्यंत धार तशीच जोरात आहे. बसवताना शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत फिरवत पंपाचा डबा इम्पेलरवर दाबायचा, आणि इम्पेलर शाफ्टला अडकवणारी ती छोटी चावी पडू द्यायची नाही. आणि सगळे बोल्ट, अगदी झाकणाचेसुद्धा, पाण्यात न धुपणारं ग्रीस लावूनच परत घातले. मे अखेरीला उघडले तर हाताच्या ताकदीने सुटले, फार बरं वाटलं!

दुसरी डोकेदुखी पेट्रोल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. आपल्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी पंधरा दिवस पडून राहिली आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉल घेऊन तळाशी वेगळं बसतं. टू स्ट्रोकमध्ये हे जास्त वाईट, कारण ऑईल वरच्या पेट्रोलात राहतं आणि नळी तर तळातून खेचते, म्हणजे इंजिनाला बिनऑईलचा माल. फेब्रुवारीत तसंच झालं, इंजिन अडखळायला लागलं, टाकीतलं काचेच्या बाटलीत काढून ठेवलं तर सकाळी दोन थर स्पष्ट दिसले. जुनी नळी आणि हाताने दाबायचा रबरी बल्बही आतून फुगून सुटायला लागलेला, त्याचे काळे कण कार्बोरेटरात. नळी आणि बल्ब दोन्ही बदलले, आता इथेनॉल चालणारेच घेतले. कार्बोरेटरचे जेट स्टीलच्या तारेने साफ करू नका, पितळ आहे, भोक मोठं होतं, मी जाड तंगूसच वापरतो. आता लागेल तेवढंच मिक्स करतो, 1 लिटरला 20 मिली टू स्ट्रोक ऑईल, आउटबोर्डसाठीचंच. बाईकचं कधीच नाही.

रोज आल्यावर अर्ध्या कापलेल्या पिंपात गोडं पाणी भरून त्यात पाय बुडवून दहा मिनिटं न्यूट्रलवर चालवतो, मग पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर कोरडा होऊन बंद पडेपर्यंत तसंच ठेवतो. पिंपाशिवाय, म्हणजे कोरडं, एक सेकंदही नाही, इम्पेलर जळतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कमी झालं तेव्हा घरच्यांची कुरकुर झाली, पण त्यात मी तडजोड केली नाही. पायावरचा झिंकचा तुकडा अर्ध्याहून जास्त खाल्ला गेलाय, म्हणजे पायाऐवजी स्वतः गंजायचं त्याचं काम तो करतोय, आता बदलणार. त्यावर रंग मारू नका, मारला तर झिंक झाकलं जातं आणि पायच खाल्ला जातो.

न आवडलेलं पण सांगतो. धूर आहे, सकाळी शांत खाडीत पाण्यावर ऑईलचा तवंग दिसतो आणि ते बघवत नाही. फुल थ्रॉटलला तासाला सहा लिटरच्या वर पितं, म्हणून मी अर्ध्यावरच चालवतो. हँडलचा बुश ढिला आहे, हात बधिर होतो. फोर स्ट्रोक शांत आणि कमी पिणारं, पण वजन जास्त, किंमत कितीतरी, आणि रेतीवर चढलं की मला एकट्याला उचलता येणार नाही. हे मी एकटा उचलून घरी आणतो.

रोज वीस-तीस मैल बाहेर जाणाऱ्याने घेऊ नये. खाडीपुरतं, स्वतः पाना धरायची तयारी असेल तर जरूर घ्या.

आता जुलैत हँडलचा बुश, झिंक आणि वरच्या शाफ्टची सील. प्लग काढून बघितले, दोन्ही बदामी आहेत, म्हणजे ठीक, सिलेंडरात थोडं ऑईल सोडून दर रविवारी दोरी हळू ओढून फिरवून ठेवतो. नारळी पौर्णिमेच्या आधी पिंपात एकदा चालवून बघेन.