‘कॅम्बर आउट आहे, साहेब’: चांगल्या गाडीचा स्ट्रट कसा वाकवला जातो

अलाइनमेंटसाठी गाडी लावली आणि दुकानातला मुलगा म्हणाला, ‘कॅम्बर आउट आहे’, तर टूल लावू देण्याआधी हे वाचा. कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर किती झुकलाय तो कोन. पुण्यात हायवेलगतच्या एका टायरच्या दुकानात माझ्या धडधाकट गाडीचा स्ट्रट, म्हणजे चाकाला धरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खांब, वाकवला गेला आणि त्याचे पैसेही माझ्याकडूनच घेतले.

पुढचे दोन टायर नवे टाकले होते. अलाइनमेंट करताना स्क्रीनवर डाव्या चाकाचा आकडा लाल झाला, उणे 1 अंश 50 मिनिटं (60 मिनिटं म्हणजे 1 अंश; उणे म्हणजे चाक वरून आत झुकलेलं). ‘साहेब, अशीच चालवली तर गाडी नवा टायर आतून खाईल.’ मी म्हटलं, दादा, गाडी सरळ चालते, काढलेले जुने टायरही सारखेच झिजलेत. तर म्हणे, ‘मशीन खोटं बोलतं का?’ अलाइनमेंटचे 500 आणि कॅम्बरचे वेगळे 800. स्ट्रटला हायड्रॉलिक टूल अडकवलं, दाब दिला, आकडा हिरवा झाला. बिल मागितलं तर कच्च्या चिठ्ठीवर नुसतं ‘लेबर’ लिहून दिलं. हायवेला लागताच स्टिअरिंग जरा सैल धरलं की गाडी डावीकडे ओढायला लागली. आधी ती कधीच ओढत नव्हती.

डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्व्हिस सेंटरचा त्याच वर्षीचा अलाइनमेंटचा कागद होता. त्यावर डाव्या चाकाचा कॅम्बर उणे 20 मिनिटं, म्हणजे मर्यादेत. मधल्या काळात गाडी कुठे आपटली नव्हती. म्हणून घरीच मोजायचं ठरवलं. त्याला मशीन लागत नाही, गवंड्याचा ओळंबा पुरतो. चारही टायरची हवा कंपनीने सांगितली तेवढी भरा, स्टिअरिंग सरळ ठेवा, गाडी थोडी पुढे घेऊन थांबवा. ओळंब्याचा दोरा टायरला टेकणार नाही असा, पण चाकाच्या मधोमध समोर, मडगार्डला चिकटवलेल्या लाकडी पट्टीवरून सोडा. मग रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. 14 इंची रिमची बाहेरची कड साधारण 390 मिलिमीटर भरते, तिथे 1 अंश म्हणजे जवळपास 7 मिलिमीटरचा फरक. पार्किंगच्या फरशीला उतार असतोच, म्हणून गाडीचं तोंड फिरवून त्याच जागी परत मोजा आणि सरासरी घ्या.

माझ्या डाव्या चाकाचा वरचा भाग 9 मिलिमीटर बाहेर झुकलेला निघाला. म्हणजे कॅम्बर अधिक सव्वा अंशाच्याही वर. उजवं चाक जवळजवळ उभं. दोन्हीकडच्या कॅम्बरमध्ये एवढा फरक पडला की जे चाक जास्त बाहेर झुकलंय त्या बाजूला गाडी ओढते. माझी डावीकडे का जात होती, ते तिथेच कळलं.

दुकानात पडद्यावर दिसलेला तो लाल आकडा आला कुठून? रिमला अडकवायचा मशीनचा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, नीट बसला नाही, किंवा बसवल्यावर गाडी मागे-पुढे ढकलून मशीनला रनआउट (रिम किंवा क्लॅम्प तिरका असल्याने येणारी चूक) वजा करू दिला नाही, तर चांगलं चाकही वाकडं दिसतं. माझी गाडी एकदाही ढकलली नव्हती, हे मी समोर उभा राहून पाहिलं होतं. यादीतून भलतंच मॉडेल निवडलं तरी मर्यादा बदलतात आणि हिरवा आकडा लाल होतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॅचबॅकमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि कॅम्बर फिरवायची सोयच दिलेली नसते. फक्त टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत ते, फिरवता येतो. अशा गाडीत टूल लावून ‘कॅम्बर काढणं’ म्हणजे लोखंड वाकवणं. स्ट्रट वाकला की आतला दांडा तिरका घासतो, सील जातं, तेल गळायला लागतं. कॅम्बर खरोखर बिघडला असेल तर खड्ड्यात आपटून काहीतरी वाकलंय किंवा सांध्यातला रबरी बुश गेलाय. तो भाग शोधून बदलायचा असतो.

सर्व्हिस सेंटरने स्ट्रट वाकल्याचं लिहून दिलं. तो कागद घेऊन दुकानात गेलो तर मालक म्हणाला, ‘रस्ते बघा ना साहेब.’ नवा स्ट्रट आणि मजुरी मिळून पाच हजारांच्या वर गेले. त्या मुलाला दिवसभरात किती कॅम्बर काढले यावर पैसे मिळत असतील, मला त्याचा राग नाही. राग आहे तो ही पद्धत बसवणाऱ्यांचा, कारण या चाकांवर लोक लेकराबाळांना घेऊन घाट उतरतात.

टोसुद्धा घरी तपासता येतो. दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या बाजूला, शक्य तितक्या उंचावर, खडूने खूण करा आणि दोघांनी टेप धरून खुणांमधलं अंतर घ्या. गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा पुढे, तेवढ्याच उंचीवर आणा आणि पुन्हा मोजा. पुढचं माप कमी भरलं तर टो-इन. किती हवा ते कंपनीच्या माहितीत असतं. टो बदलणारा टाय रॉड (स्टिअरिंग आणि चाक जोडणारा दांडा) मात्र हात बसलेला असेल तरच फिरवा, दोन्हीकडे सारखा फिरवा, लॉकनट घट्ट आवळा आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका.

दुकानात जाल तेव्हा काम सुरू व्हायच्या आधीची प्रिंट मागा, तिच्यावर गाडीचं मॉडेल वाचा. आकडा लाल आला तर क्लॅम्प काढून पुन्हा लावायला आणि गाडी ढकलून परत मोजायला सांगा. नाही म्हणाले तर अलाइनमेंटचे पैसे देऊन निघा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर ‘कॅम्बर, डावं चाक’ असं लिहून घ्या. माझ्यासारखं नुकसान झालंच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. मी तक्रार केली आहे, अलाइनमेंटचा जुना कागद आणि स्ट्रट वाकल्याचा सर्व्हिस सेंटरचा कागद जोडून.