जैसलमेरची सहल: डीजे त्यांचा, माळढोक आमचा

जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपली आणि आम्ही दोघं सोलापुरातल्याच एका टूरवाल्याबरोबर जैसलमेरला गेलो. नाव लिहीत नाही. जे बोलायचं ते फोनवर बोलून झालंय.

पत्रकात 'वाळवंट दर्शन' असं ठळक छापलेलं. प्रत्यक्षात सम गावच्या वाळूत उंटावर पंधरा मिनिटं आणि मग रात्री बारापर्यंत तंबूंसमोर डीजे. जेवायला पनीर आणि नूडल्स! दुसऱ्याच घासाला मी पिशवीतली शेंगाचटणी काढली. रजाई इतकी पातळ, की घरून नेलेल्या दोन सोलापुरी चादरी वर घेतल्या तेव्हा कुठे डोळा लागला. तिकडची हवा कोरडी, आभाळ मोकळं. ऊन उतरलं की वाळू भराभर गार पडते. आपल्याकडे मे महिन्यात मध्यरात्रीही गच्ची चटके देते, त्यामुळे वाळवंटात कुडकुडायला होईल हे डोक्यातच नव्हतं. टूरवाल्यानं एका शब्दानं सांगायला नको?

दुसऱ्या दिवशी हवेल्या सोडल्या आणि पदरचे पैसे घालून सुदासरीला जीप केली. सुदासरी ज्यात येतं ते डेझर्ट राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं, पण वाळूच्या टेकड्या त्यात थोड्याच. बाकी मुरमाड माळ, सेवण गवताचे झुपके, मध्येच एखादी खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो तीच. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. चिंकारे दिसले. सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) मात्र थंडीत बिळात झोपलेला असतो, उन्हाळ्यात या, असं जीपवाला म्हणाला. (सोलापूरचं ऊन कमी पडतं की काय!)

मग त्यानं गाडी थांबवली आणि नुसतं बोट दाखवलं. गवतात दोन माळढोक पक्षी. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, पावलं मोजत चाललेले, लग्नात मानपान बघायला आलेल्या म्हाताऱ्यासारखे. आमच्या ह्यांनी दुर्बीण सोडलीच नाही, दोनदा मागावी लागली. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. त्यात समोरचं नीट दिसत नाही आणि अंग जड, त्यामुळे विजेच्या तारा ऐनवेळी चुकवता येत नाहीत, असं जीपवाल्यानं सांगितलं.

आमच्या घरापासून नान्नज वीसेक किलोमीटर. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ चं. तिथं मी कितीदा गेले, काळवीट पाहिले, माळढोक कधीच नाही. जाऊबाईंचं माहेर तिथलंच, लहानपणी त्यांनी शेताच्या बांधावरून पाहिलेला. जीपमधूनच त्यांना फोन लावला.

"अगं, खरंच? कसा होता?"

"अहो ताई, तुम्ही सांगायचात तस्साच. आणि माळही तुमच्याकडच्यासारखाच."

टूरला पाचपैकी दोन, तेही रेल्वेची तिकिटं पक्की होती म्हणून. जीपवाल्याला पाच. जाणार असाल तर तंबूतली रात्र वगळून पैसे कमी करून घ्या, जैसलमेर गावातच राहा आणि बाजरीच्या भाकरीबरोबर केर-सांगरीची भाजी मागा. चादरी न्याच.