ओंडके ओढलेल्या वाटेवर काथ्याची जाळी: मोठ्या पावसानंतरचा अभिप्राय

लाकूडतोडीच्या कामावर देखरेख करताना मला सर्वात जास्त धास्ती असते ती मातीची. उघड्या पडलेल्या वाटेवरची माती खालच्या ओढ्यात गेली की पाणी गढूळ होतं, गाळ तळाशी बसतो आणि माशांची अंडी त्याखाली गुदमरतात. ही माती झाडं पाडल्यामुळे फारशी सुटत नाही. ती सुटते कच्च्या रस्त्यांवरून आणि ओंडके ओढायच्या वाटांवरून. चाकांखाली जमीन दाबली जाते, पाणी मुरत नाही आणि चाकोरी धरून पळत सुटतं. तोड संपल्यावर अशाच एका उतरत्या वाटेवर विणलेली काथ्याची जाळी अंथरली, दर चौरस मीटरला ७०० ग्रॅम वजनाची. आता मोठा पाऊस होऊन गेलाय.

जाळीने काम चोख केलं. पाऊस उघडल्यावर जवळ बसून पाहिलं, तर प्रत्येक आडव्या दोऱ्याच्या वरच्या बाजूला बोटाच्या पेरापेक्षाही कमी जाडीचा गाळ साचला होता आणि त्याच ओल्या गाळातून गवताचे कोंब वर आले होते. शेजारच्या उघड्या पट्ट्यात मात्र जागोजाग ओघळ पडलेले. एका ठिकाणी जाळी मुळाच्या उंचवट्यावरून ताणली गेली होती आणि खाली पोकळी राहिली होती. तेवढ्या भागात पाण्याने जाळीखालूनच वाट काढली आणि माती नेली. वजन कितीही घ्या, जाळी जमिनीला चिकटून बसली नाही तर तिचा उपयोग नाही. म्हणून आधी दगड, काटक्या, मुळांची टोकं काढा, चाकोऱ्या बुजवा, बी पेरा आणि मगच जाळी सैलसर अंथरा. वरचं टोक साधारण १५ सेंटीमीटर खोल चरात पुरून माती ठोकून घ्या. जोडावर उताराच्या वरच्या बाजूची जाळी खालच्या बाजूच्या जाळीवर चढवा, उलट केलंत तर पाणी सांध्यातून आत शिरतं.

विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत: वरून लोंढ्याने येणारं पाणी ही जाळी अडवू शकत नाही. त्यासाठी वाटेवर तिरके मातीचे बांध घालून पाणी बाजूला काढावंच लागतं. शंभर मीटरला दहा मीटर उतार असेल तर साधारण २५ मीटरवर एक बांध, वीस मीटर उतार असेल तर १४ मीटरच्या आसपास. बांधाचं पाणी सोडायचं ते पालापाचोळा असलेल्या, न तुडवलेल्या जमिनीवर, म्हणजे ते पसरून मुरतं. थेट ओढ्यात मुळीच नाही. बांध आधी, जाळी नंतर, हा क्रम चुकवू नका.

सगळीकडे जाळी अंथरायची गरजही नाही. तोडीतून उरलेल्या फांद्या-डहाळ्या वाटेवर पसरून यंत्राने दाबल्या की त्याही मातीला चांगलं झाकतात, शिवाय त्या जागेवरच पडलेल्या असतात. जाळी मी ओढ्याकडे उतरणाऱ्या भागासाठी आणि रस्त्याच्या कापलेल्या बाजूसाठी राखून ठेवीन. तिथे फांद्या टिकत नाहीत.

टिकाऊपणात काथ्या ज्यूटच्या पुढे आहे. त्यात लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारा घटक) भरपूर असल्याने तो सावकाश कुजतो, साधारण दोन ते पाच वर्षं काढतो. ज्यूट वर्ष-दोन वर्षांत संपतो. काथ्या टिकतो तेवढ्या अवधीत गवताची मुळं जमीन धरतात. विकत घेताना मात्र नीट पाहून घ्या. काही चटयांना वर-खाली प्लास्टिकची बारीक जाळी शिवलेली असते, तिच्यात साप अडकून मरतात. ती घेऊ नका, पूर्ण काथ्याची विणलेलीच मागा.

तक्रार आहे ती सोबत आलेल्या मेखांबद्दल. यू आकाराच्या तारेच्या त्या मेखा आखूड आणि बारीक होत्या, दगडाळ जमिनीत अर्ध्यावरच वाकल्या. शेवटी लाकडाच्या खुंट्या तासून ठोकल्या, त्या पक्क्या बसल्या आणि पावसातही हलल्या नाहीत. गुंडाळी ओली झाली की दोघांनाही उचलत नाही, तेव्हा ती फळीवर, ताडपत्रीखाली ठेवा आणि उताराच्या वरच्या टोकाला कोरडी असतानाच पोचवा.