‘आपल्याच माणसाला द्यायची होती’: रिग्ली फील्डची 5 तिकिटं आणि माझे 775 डॉलर

तिकिटांचे 635 डॉलर आणि एका बॉलचे 140. एकूण 775 डॉलर. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण आजवर ओळखीतल्या सगळ्यांना मी ‘थोडेफार पैसे गेले’ एवढंच सांगत आलोय. लाज वाटते म्हणून. मी 14 वर्षं आयटीत आहे. कंपनीत खोट्या ईमेलबद्दलचं प्रशिक्षण वर्षातून दोनदा घ्यावं लागतं आणि दर वेळी मी पूर्ण मार्कांनी पास होतो. तरीही फसलो, आणि ज्याने फसवलं त्याने मला मराठीत ‘दादा’ म्हणून फसवलं.

आई-बाबा मिरजेहून 3 महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. मुलगा 11 वर्षांचा, बेसबॉलचं भयंकर वेड. त्याने स्वतःच वहीत आखणी केली होती : 9 दिवस, 4 मैदानं. पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, शिकागो, मिलवॉकी. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, पण त्यांची खरी ओळख मिरजेच्या क्लब क्रिकेटचे स्कोअरर अशी. 30 वर्षं त्यांनी पेन्सिलीने स्कोअरबुकं भरली. शिकागोच्या रिग्ली फील्ड मैदानावर 1937 सालचा धावफलक आहे, आणि आत माणसं बसून आजही हाताने आकड्यांच्या पाट्या बदलतात, हे नातवाने सांगितल्यापासून बाबांच्या तोंडी तोच विषय होता. नायगारा नको म्हणाले, हे दाखवा म्हणाले. म्हणून सगळ्या प्रवासात शिकागोची मॅच चुकवायची नव्हती. माझी ही निकड त्या माणसाने बरोबर हेरली.

पहिली दोन मैदानं छान झाली. पिट्सबर्गला मॅचच्या दिवशी रोबेर्तो क्लेमेंते पूल गाड्यांना बंद असतो, आम्ही सगळे त्यावरून चालत मैदानात गेलो. उजवीकडची भिंत 21 फूट उंच आहे, कारण तिथल्या संघाचा जुना खेळाडू क्लेमेंते, त्याच्या शर्टाचा नंबर 21. मुलाने हे आजोबांना चार वेळा सांगितलं आणि बाबांनी चारही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. आईने पिरोगी खाल्ली, बटाटा आणि चीजचं सारण भरलेली. ‘उकडलेली करंजीच आहे ही, फक्त तिखट हवी होती,’ म्हणाली. क्लीव्हलंडच्या तपकिरी मोहरीच्या चटणीच्या दोन बाटल्या घेतल्या. प्लॅस्टिकच्या छोट्या हेल्मेटमध्ये आइस्क्रीम देतात, ती हेल्मेटं धुऊन मुलगा गाडीच्या डॅशबोर्डवर मांडत होता. पिट्सबर्गला मॅचमध्ये वापरलेला एक खरा बॉल 40 डॉलरला घेतला. त्यावर होलोग्राम होता, त्यावरचा नंबर टाकला तर बॉल कुठल्या मॅचचा हे लगेच समोर आलं. हे लक्षात ठेवा, पुढे याचीच मला सगळ्यात जास्त चीड येणार आहे.

आता तिकिटांचं. आमच्या भागातल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. जुनं फर्निचर, गणपतीच्या मूर्ती, विमानतळावर सोबत, सगळं तिथे चालतं. मी त्यावरूनच गाडीचं कारपेट विकलंय, डबेवाल्या काकू शोधल्यात. तिथे एकाने टाकलं : शिकागो, शनिवार दुपार 1.20 ची मॅच, 5 तिकिटं एकत्र, वडिलांची तब्येत बिघडल्याने पुण्याला जावं लागतंय. 118 डॉलरला एक. अधिकृत ठिकाणी तशा जागा 141 ला दिसत होत्या. म्हणजे फुकटात मिळतंय म्हणून मी धावलो, असं कुणी म्हणू नये. अडचणीतला माणूस जेवढी सूट देईल तेवढीच होती. भाव बघून खोटं ओळखू येतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा.

त्याने सांगितलं, ‘दादा, छपराखालच्या जागा आहेत, आई-बाबांना ऊन लागणार नाही. रिग्लीला खांब मध्ये येतात, पण या रांगेत येत नाहीत, मी स्वतः बसलोय.’ खांबांची गोष्ट खरी आहे. जुनं मैदान, 1914 सालचं, काही जागांसमोर खांब येतातच. ही बारीक माहिती ज्याला आहे तो खोटा कसा असेल, असं मला वाटलं. आणि मी आई-बाबांचा उल्लेख ग्रुपवर आधी कधीतरी केला होता, तोच त्याने उचलला होता, हे घरी परत आल्यावर जुने मेसेज चाळताना कळलं.

मग तो क्षण. रात्री 11 वाजता, स्वयंपाकघरात उभा राहून मी पैसे पाठवत होतो. ॲपवर जे नाव आलं ते मराठी नव्हतं, आणि त्याचंही नव्हतं. मी विचारलं. तो म्हणाला, मेव्हण्याचं खातं आहे, माझ्या खात्याची दिवसाची मर्यादा संपली. पुढे म्हणाला, ‘फ्रेंड्स अँड फॅमिली निवडा, नाहीतर फी कापतात. आणि खाली तिकीट लिहू नका, जेवण लिहा.’

जेवण लिहा. हे मी लिहिलं. माझ्या बोटांनी लिहिलं. बायको शेजारी भांडी लावत होती, ती म्हणाली, ‘अरे, एकदा फोन तरी कर त्याला, आवाज ऐक.’ मी म्हणालो, माणूस वडिलांच्या धावपळीत आहे, रात्री अकराला काय फोन करायचा. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. ज्याला आपला व्यवहार व्यवहार म्हणून नोंदायचा नाही, त्याला तो नंतर नाकारायचा असतो. मला हे कळत नव्हतं असं नाही. आजारी वडील म्हटल्यावर माझं विचारायचं धाडस झालं नाही, एवढंच. आपल्यात कुणाच्या घरच्या आजारपणावर शंका घेणं असभ्य समजतात, आणि तो ते ओळखून होता.

590 डॉलर गेले. दुसऱ्या दिवशी त्याने 45 मागितले, ट्रान्सफर फी म्हणून. अशी फी नसते! विकणारा तिकीट पाठवतो, तुम्ही तुमच्या खात्यात स्वीकारता, ते बेसबॉल लीगच्या बॉलपार्क ॲपमध्ये दिसतं, संपलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण पिट्सबर्ग आणि क्लीव्हलंडची तिकिटं मी थेट संघाकडून घेतली होती. 45 पण दिले. 590 गुंतलेले असताना 45 साठी कोण अडतं? त्यानंतर ईमेल आलं, संघाचा लोगो, आमची नावं, जागांचे नंबर, बारकोड. सगळं होतं. ॲपमध्ये मात्र काहीच दिसत नव्हतं. त्याने सांगितलं, मॅचच्या दिवशी सकाळी दिसेल.

शनिवारी आम्ही शिकागोच्या रेड लाइन मेट्रोने ॲडिसन स्टेशनला उतरलो. बाबांनी खास पांढरा शर्ट घातला होता. खिशात पेन्सिल. रांगेत आधी शिकागोचा हॉट डॉग खाल्ला. त्यावर मोहरी, कांदा, टोमॅटो, लोणच्याची फोड, मिरच्या आणि सेलरीचं मीठ. केचप मागितलं तर विकणाऱ्या बाईने मुलाकडे असं बघितलं की तो लाजला. आई सॉसेजशिवाय, नुसताच भरलेला पाव खात होती आणि तिला तो फार आवडला. मी एवढं सांगतोय कारण त्या दिवसातला चांगला भाग तिथेच संपला.

गेटवर मशीन लाल झालं. एकदा, दोनदा, पाचही. गेटवरचा माणूस भला होता. ‘हे स्क्रीनशॉट आहेत, ॲपमध्ये तिकीट दाखवा,’ म्हणाला. दाखवणार काय? मागे रांग. मुलगा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी त्या माणसाला मेसेज केला, एकच टिक आली. फोन केला, नंबर बंद.

ॲपवर उरलेली तिकिटं बघितली. दोन शेजारची, 171 ला एक. बाकी 240 च्या वर. बाबांना आकडा ऐकू आला आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले. मी हवी तेवढी घेतो म्हणालो, हात धरला. ‘नाही. पोराला आणि सूनबाईला पाठव. मी इथूनच बघतो.’ बाबांनी एकदाही डॉलरचे रुपये करून विचारले नाहीत, ते मला जास्त लागलं. एरवी ते कॉफीच्या कपाचेही करतात. 342 डॉलर देऊन ती दोघं आत गेली.

आम्ही तिघं वेव्हलंड अॅव्हेन्यूच्या फुटपाथवर थांबलो. तिथे काही माणसं हातमोजे घालून, बाहेर येणारे होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे बॉल, झेलायला उभी असतात. बाबांना धावफलकाची पाठ दिसत होती. पाठ. त्याच्यावरच्या डोलकाठ्यांवर संघांचे झेंडे असतात, प्रत्येक गटातल्या क्रमवारीप्रमाणे लावलेले. बाबांनी आरोळ्यांवरून काहीतरी जुळवत वही भरायला घेतली. शेवटी पांढऱ्या झेंड्यावरचा निळा डब्ल्यू वर चढला, म्हणजे शिकागोचा संघ कब्ज जिंकला, हे नातवाने आधीच शिकवलेलं. बाबांनी वहीत लिहिलं आणि वही मिटली.

दुसरी फसवणूक यातूनच झाली. मुलगा बाहेर आला तो गप्प, आजोबा आत नव्हते म्हणून. कोपऱ्यावर एक माणूस टेबल मांडून सह्यांचे बॉल विकत होता. कब्जचा जुना नामवंत खेळाडू राइन सँडबर्गची सही, काचेच्या डबीत, सोबत सोनेरी कडांचं प्रमाणपत्र. 160 सांगितले, 140 रोख. मुलगा म्हणाला आजोबांना देऊ. मी बाबांच्या चेहऱ्यासाठी घेतला. त्यावर चमकता स्टिकरही होता, पण नंबर मी तपासला नाही. चार दिवसांपूर्वी पिट्सबर्गला मी स्वतः नंबर तपासला होता! घरी येऊन तपासला, असा नंबरच नाही. खोट्या सह्यांचा हा धंदा केवढा मोठा होता हे एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये उघड झालं, आणि त्यानंतर 2001 पासून बेसबॉल लीगने होलोग्रामची पद्धत आणली. म्हणजे सोय आहे, फुकट आहे, मिनिटभराचं काम आहे. प्रमाणपत्राच्या कागदाला काडीची किंमत नाही, ते कुणीही छापतं. नंबर टाका, तिथेच, पैसे देण्याआधी. आणि रोख देऊ नका. रोखीत माझ्याकडे त्या माणसाचा साधा पुरावाही नाही.

बँकेला पहिला फोन हॉटेलच्या पार्किंगमधून केला, 47 मिनिटं थांबून. ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ हो. ‘मग ही अनधिकृत उचल नाही.’ चोराने माझा पासवर्ड चोरला असता तर बँकेने भरून दिले असते. चोराने मला फसवून माझ्याच बोटांनी पाठवायला लावले, म्हणून माझी चूक! पाच फोन केले, पाच वेळा तेच ऐकलं, एकीने तर विचारलं, ‘पण यात जेवण असं लिहिलंय.’ पैशांच्या ॲपवाल्यांनी फॉर्म भरून घेतला आणि 3 दिवसांनी तीन ओळींत नकार कळवला. मी एवढंच मागत होतो की ते खातं गोठवा, त्यात उद्या दुसऱ्याचे पैसे जातील. त्या माणसाची माहिती गोपनीय आहे, म्हणाले. माझी नव्हती का?

आमच्या गावच्या पोलिसांत गेलो. टेबलामागच्या अधिकाऱ्याने आधी विचारलं, किती रक्कम, आणि आकडा ऐकून पेन खाली ठेवलं. घटना दुसऱ्या राज्यातली, म्हणाला, तिथे तक्रार करा. तिथे फोन केला तर म्हणाले, पैसे तुम्ही घरून पाठवलेत, तुमच्या पोलिसांकडे जा. मी परत गेलो. दुसऱ्या खेपेला कागद घेतला, क्रमांक दिला. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवली, आपोआप पोच आली, त्यापुढे शब्द नाही. 11 आठवडे झाले. 635 डॉलर म्हणजे त्यांच्या लेखी काही नाही, आणि असे 635 देणारे किती असतील हे मोजायची कुणाचीच तयारी नाही. तरीही तक्रार करा, क्रमांक घ्या. बँकेशी पुन्हा बोलताना तो नसेल तर ते ऐकूनही घेत नाहीत.

ग्रुपच्या ॲडमिननाही बोललो. त्यांनी त्याला काढलं, आणि माझा इशाऱ्याचा मेसेजही काढला, ग्रुपचं वातावरण बिघडतं म्हणून. तो आत आला कसा, कुणाच्या ओळखीने, हे कुणी सांगत नाही. मला तर वाटतं तो मराठी होता की कुणा मराठी माणसाचं खातं चोरून वापरत होता, हेही कळणार नाही. मी त्याचा आवाज ऐकलेलाच नाही.

क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान भांडता आलं असतं. कार्ड चालणार नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, मग तो गावचा असो की सख्खा शेजारी. तिकीट आधी तुमच्या ॲपमध्ये, मग पैसे. व्हिडिओ कॉल करा, रात्री अकराला करा.

मिलवॉकीला गेलो, तिकिटं थेट संघाकडून. सॉसेजच्या वेषातल्या माणसांची शर्यत झाली, आई मनापासून हसली. बाबांना धावफलक दाखवला, तो इलेक्ट्रॉनिक होता. छान आहे म्हणाले.

गेल्या आठवड्यात टेक्सासमधल्या मावसबहिणीने तिच्या मराठी ग्रुपवरचा एक मेसेज पाठवला. मैदान वेगळं, तारीख वेगळी, बाकी शब्द न शब्द तोच. तुमच्याकडे आला तर ओळखा :

‘नमस्कार मंडळी. 5 तिकिटं आहेत, एकत्र, छपराखाली. वडिलांची तब्येत अचानक बिघडल्याने पुण्याला निघतोय. बाहेर विकता आली असती, पण आपल्याच माणसाला द्यायची होती.’